चौथा पंप

तिसरा पंप बदलला तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण यंत्र काय सांगतं ते आधी बघायचं आणि माणूस काय सांगतो ते नंतर, अशा ठिकाणी मी अकरा वर्षं काम करते. त्यामुळे उशीर झाला.

आमचा हवाई तळ विदर्भात आहे. नेमका कुठे, ते लिहायची परवानगी नाही. मे महिन्यात धावपट्टीवर पापड ठेवला तर भाजून निघतो, एवढी खूण पुरे. तीन वर्षांपूर्वी हवाई दलानं सरकारी प्रवासासाठी सहा छोटी जेट विमानं घेतली. आठ सीटची, उद्योगपती वापरतात तसली. त्याआधी चार साहेबांना आणायला चाळीस माणसांचं विमान जायचं. म्हणजे कोथिंबिरीची जुडी आणायला एसटी काढण्यासारखं. नव्या विमानात वैमानिक एकच. त्याच्या शेजारच्या सीटवर कुणी नाही, संगणक. वैमानिकाला काही झालं तर संगणक विमान आपोआप उतरवतो. कागदावर तरी उतरवतो. प्रत्यक्ष उतरवून बघायची वेळ कुणावर आली नव्हती, आणि येऊ नये म्हणून आम्ही सगळे होतो.

मी मुलकी तंत्रज्ञ. शिक्षण आयटीआय, तेही अर्धं. बाकीचं शिक्षण हिंगणघाटला बाबांच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात झालं. मोटर चालू करायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगपाशी टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं. बेअरिंग कुठे खातंय ते बाबा डोळे मिटून सांगायचे. तेवढ्या एका विद्येवर मी विमानांपर्यंत आले. विद्या बाबांची, आणणारे दाजी.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, विंग कमांडर श्रीरंग जगदाळे. माणूस साताऱ्याकडचा, म्हणून आमच्या वऱ्हाडी घरात भाऊजींचे दाजी झाले. माझं लग्न तीन वर्षांत आटोपलं तेव्हा जीप घेऊन मला न्यायला तेच आले होते. एक ट्रंक, एक मी. मी रडत होते. ते म्हणाले, "पाना धरता येतो ना? मग अर्ज भर." तळावर मी त्यांना सर म्हणते, घरी दाजी. अकरा वर्षांत त्यात एकदाही गल्लत झाली नव्हती.

ही छोटी जेट घ्यावीत म्हणून चार वर्षं टिपणं लिहिली तीही त्यांनीच. बावन्न वर्षांचे. निवृत्तीला दोन वर्षं बाकी. आमच्याकडच्या तीन नंबरच्या विमानावर त्यांचा जीव.

आता त्या यंत्राबद्दल सांगते, नाहीतर पंपाचं कोडं सुटायचं नाही.

या विमानांच्या अंगात काचेचा तंतू फिरवलेला आहे. केसाइतका बारीक. पंखांतून, केबिनच्या जमिनीखालून, शेपटीपर्यंत. त्यात बोट-बोट अंतरावर खुणा कोरलेल्या. एका टोकातून प्रकाश सोडला की प्रत्येक खूण आपापला एक रंग परत पाठवते. तिथला पत्रा किंचित ताणला गेला, की तंतू ताणतो आणि परत येणारा रंग किंचित बदलतो. अशा दोन हजार खुणा. विमान कुठे वाकतंय, कुठे थरथरतंय, कुठे उद्या तडा जाणार आहे, ते आज कळतं. या व्यवस्थेचं नाव चाहूल.

चाहूल आधी ओळखीच्या गोष्टी वजा करते. इंजिन, वारा, चाकं, पाण्याचा पंप. उरेल त्याला संशयित धरते आणि कुठला भाग बिघडलाय त्याचा अंदाज सांगते.

आणि माणसं? माणसांचंही येतं. हृदय रक्त वर फेकतं तेव्हा, बंदूक उडाली की खांद्याला बसतो तसा, अख्ख्या शरीराला एक बारीक धक्का बसतो. दर ठोक्याला. तो सीटमधून जमिनीत उतरतो. खरेदीच्या वेळी कुणाच्या तरी हे लक्षात आलं आणि वरच्या साहेबांची झोप उडाली. आपल्या छातीचा हिशेब हँगरमधल्या एखाद्या बाईच्या पडद्यावर? मग करारात घातलं: माणसांचे ठोके चाळणीत गाळायचे, कुणी बघायचे नाहीत. चाळणी ठोक्यांना ओळखायची त्यांच्या नियमितपणावरून. सारख्या अंतरानं येतंय ना, मग ते काळीज, टाका काढून.

वाचताना तुम्हाला जे दिसलं ते आम्हा कुणालाच दिसलं नाही.

फेब्रुवारीपासून तीन नंबरच्या विमानात एक अनियमित ठोका यायला लागला. चाहूल सांगायची: फ्रेम सात (सांगाड्याची सातवी बरगडी), डावा इंधन पंप, बेअरिंग. पंप बदलला. पंधरा दिवसांनी पुन्हा. पुन्हा बदलला. एप्रिलमध्ये तिसरा.

"काहून वो मॅडम, पुन्हा पंप?" आमचे वॉरंट ऑफिसर बिसेन म्हणाले. गोंदियाकडचे, तोंडात कायम बडीशेप. "या इमानाले पंपाची आवड लागली का?"

काढलेला प्रत्येक पंप लाल चिठ्ठी लावून भांडारात जातो. भागाचं नाव, किती तास चालला, काय दोष, काढणाऱ्याची सही. तिसऱ्या पंपाला चिठ्ठी बांधताना मला राहवेना. तो बाकावर चढवून चालू केला आणि बाबांचा स्क्रूड्रायव्हर कानामागे लावला.

पंप लोण्यासारखा फिरत होता.

मग मी नोंदी काढून बसले. दाजींची एक सवय आहे. प्रवासी उतरले, इंजिनं बंद झाली, की ते दहा मिनिटं तसेच वैमानिकाच्या डाव्या सीटवर बसतात. "विमान गार होऊ दे," म्हणतात. त्या दहा मिनिटांतही चाहूल बॅटरीवर चालू असते, पत्रा निवताना कसा आक्रसतो ते बघायला. त्या दहा मिनिटांकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

इंजिन बंद. पंप बंद. आणि पडद्यावर ठोका चालू. दोन जवळजवळ, मग एक मोठी फट, मग तीन घाईघाईनं, मग पुन्हा फट.

दुसरे वैमानिक उडाले त्या दिवसांच्या नोंदी पाहिल्या. स्वच्छ.

मग मी जे करायचं नसतं ते केलं. दुपारच्या जेवणाला हँगर रिकामं होतं. चाळणी बंद केली आणि स्वतः जाऊन त्या सीटवर बसले. पाच मिनिटांनी उठून पडदा पाहिला. आकार तोच, तीच चढण, तोच उतार. फक्त माझा शाळेतल्या कवायतीसारखा सारख्या अंतरानं.

पंपाची फ्रेम आणि डाव्या सीटखालची पट्टी एकाच तुळईवर आहेत. चाहूलला विमानाचे सगळे भाग पाठ. माणूस तिच्या यादीत भाग म्हणून नव्हताच. निरोगी काळजं चाळणीतून गळून जात होती. बिघडलेलं तेवढं वर राहिलं, आणि त्याला आम्ही तीन महिने पंप म्हणत होतो.

त्या रविवारी ताईकडे जेवायला होते. पाटोडीचा रस्सा. दाजी नेहमीसारखे दोनदा वाढून घेत होते, आणि मी त्यांच्या मानेकडे बघत होते. तिथे काही उडताना दिसतंय का.

"अगं जेव की. त्यांच्याकडे काय बघतेस?" ताई म्हणाली.

दाजी हात धुवायला गेले तशी ती हळूच म्हणाली, "हल्ली जिना चढताना मधेच थांबतात आणि फोन बघतात. काल मी खालून पाहिलं. फोन बंद होता." मग माझ्या ताटात लिंबाची फोड टाकत, माझ्याकडे न बघता, "तू रोज बघतेस ना त्यांना? बरे आहेत ना गं?"

"ठीक आहेत," मी म्हणाले.

एवढं खोटं मी लग्नातसुद्धा बोलले नव्हते.

जेवणानंतर दाजी अंगणात स्कूटर पुसत होते. मी जाऊन सांगितलं. सगळं. पंप, दहा मिनिटं, चाळणी, माझा ठोका, त्यांचा ठोका. ते फडकं फिरवत राहिले.

"पंप असेल," ते म्हणाले.

"पंप बंद होता, दाजी."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"मला."

"तुला माणसाचं ऐकायची परवानगी आहे?"

"नाही."

"मग तू ऐकलेलं नाहीस." त्यांनी आरसा पुसला, त्यात स्वतःकडे न बघता. "बुधवारी समिती येतेय. सहा माणसं. त्यांना तीन नंबरमधून न्यायचं, आणायचं. त्यावर पुढची बारा विमानं ठरणार. सात वर्षं मी त्याच्यामागे आहे, प्रणिता. ती एक फेरी होऊ दे. मग मी स्वतः डॉक्टरकडे जातो."

"मग म्हणजे कधी?"

"मग म्हणजे मग." ते हसले. "अगं, मला खाली बसवलं की काय होईल ठाऊक आहे? फायलींना सुतळ्या बांधत बसेन. तुझी ताई मला भाज्या निवडायला लावेल."

"मेथी निवडताना कुणी कोसळलं तर आठ माणसं मरत नाहीत."

"सात," ते म्हणाले. "सहा ते आणि एक मी. आणि संगणक उतरवतो." मग एकदम साध्या आवाजात, "चौथा पंप लिही. एवढं कर माझ्यासाठी."

मी काही बोलले नाही. त्यांनी ते हो धरलं. मी नाही म्हणाले नव्हते, हेही खरंच.

सोमवारी आणि मंगळवारी मला स्वतःला कुठे ठेवावं ते कळेना. बसमध्ये बसले की वाटायचं, खालच्या पत्र्याला सगळं कळतंय. हँगरमध्ये पाना हातात घ्यायचा आणि कशासाठी घेतला ते विसरायचं. चौथा पंप भांडारातून काढून आणला, खोक्यातून बाहेर ठेवला, पुन्हा खोक्यात भरला. बिसेन म्हणाले, "मॅडम, तुम्ही पंपाले झोपवून राहिल्या का?" ज्या माणसानं मला ट्रंकेसकट उचलून उभं केलं, त्याला मी एक फेरीसुद्धा करू देऊ शकत नाही? आणि त्या फेरीत ठोका परत लागलाच नाही तर ताईला मी काय सांगणार, ठीक होते म्हणून?

बुधवारी सकाळी आठ वाजता समिती मांडवाखाली संत्र्याचा रस पीत होती. तीन नंबर उन्हात उभं, पांढरं, धुतलेलं. आमच्याकडे रीत अशी की आधी तंत्रज्ञानं वहीत सही करायची, खाली वैमानिकानं. पहिली सही नसेल तर हवाई दलप्रमुख आले तरी विमान हलत नाही. वही उघडून मी पंखाच्या सावलीत उभी होते.

"मॅडम, सही," बिसेन म्हणाले. "साहेब लोकांचा रस संपत आला."

मी लिहिलं. दोष: फ्रेम सात, अनियमित ठोका. पंप निर्दोष. ठोका डाव्या सीटवरून येतो. पुढचा रकाना, काय केलं, तो रिकामा ठेवला. सही केली नाही.

दाजी आले. गणवेश कडक, चष्मा काळा. वही वाचली.

"खोडून टाक."

"वहीत खोडत नाहीत, सर. एक रेघ मारून शेजारी सही करतात. तुम्हीच शिकवलंय."

"मग रेघ मार."

"नाही मारणार."

बिसेन बडीशेप चावायचे थांबले. दाजींनी आवाज खाली आणला. "तुझी चौकशी होईल. चाळणी बंद केलीस ते निघेल. नोकरी जाईल."

"जाऊ दे. पाना धरता येतो मला."

त्यांचा जबडा हलला. काही बोलणार तोच मीच बोलले, आणि तोंडातून काय गेलं ते गेल्यावर कळलं. "दाजी, पोटाला काय वाटतं ते सोडा आणि काटा काय दाखवतो ते बघा, असं तुम्ही पोरांना शिकवता ना? ढगात शिरल्यावर? बसा आत. एकदा काटा बघा. मग तुम्ही म्हणाल ती सही करते."

तळावर, सगळ्यांदेखत दाजी. अकरा वर्षांत पहिल्यांदा. बिसेन आकाशाकडे बघायला लागले, तिथे काहीच नव्हतं तरी.

दाजी शिडी चढले. चार पायऱ्या, तिसरीवर थांबले. डाव्या सीटवर बसले. मी मागून पडदा त्यांच्या पुढ्यात धरला.

"इंजिन?" त्यांनी विचारलं.

"बंद."

"पंप?"

"बंद. तारच काढलीय."

"पंखा? बाहेरची वीज?"

"सगळं बंद."

"मागे कुणी चालतंय?"

"कुणी नाही. बिसेन खाली आहेत. मी उभी आहे, माझा ठोका गाळलेला आहे."

बिघाड शोधायची ही रीत त्यांचीच. एकेक गोष्ट वजा करत जायचं. वजा करण्यासारखं काही उरलं नाही. आत भट्टी तापली होती. पडद्यावर दोन ठोके जवळजवळ आले. मग फट. ती फट एवढी लांब की पडदा बंद पडला का ते मी पाहून घेतलं. मग तीन, घाईघाईनं, उशीर झालेल्या माणसासारखे.

दाजींनी चष्मा काढला. पडद्याकडे बघत दोन बोटं मनगटावर ठेवली. पडद्यावर फट आली तशी बोटं तिथेच थबकली. पुन्हा फट आली. पुन्हा.

"खोटं बोलत नाही गं हे," ते म्हणाले. एखाद्या चांगल्या विमानाचं कौतुक करावं तसं.

"वही दे."

काय केलं, या रकान्यात त्यांनी त्यांच्या त्या गोल अक्षरात लिहिलं: दोषी भाग डाव्या सीटवरून काढला. तपासणीस पाठवला. विमान उड्डाणास योग्य. आणि खाली सही. वैमानिकाच्या जागी नव्हे, काढणाऱ्याच्या.

"आता तुझी सही कर. आणि शर्ली मॅडमला बोलाव. ती तयार असतेच, माझ्या जागेवर डोळा ठेवून." मग हात पुढे केला. "लाल चिठ्ठी दे."

"सर?"

"भाग काढला की चिठ्ठी लागते. रीत आहे."

मला हसू येईना आणि दुसरंही काही येईना. त्यांच्या गुडघ्यावर वही ठेवून मी चिठ्ठी भरली. भाग: विंग कमांडर जगदाळे. चालले: नऊ हजार चारशे तास. दोष: ठोका चुकतो. त्यांनी ती घडी करून खिशात घातली, शिडी उतरले आणि उन्हातून सरळ दवाखान्याकडे चालत गेले. मी बरोबर निघाले तर म्हणाले, "तू विमान सोड आधी."

तळावरच्या डॉक्टरांनी ती चिठ्ठी वाचून दुसरा प्रश्न विचारला नाही, म्हणे. थेट ईसीजीला झोपवलं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडलेली. गुठळी होऊन मेंदूत जायची वाट बघत बसलेलं दुखणं. संध्याकाळी नागपूरला हलवलं.

विमान तासभर उशिरा उडालं. स्क्वाड्रन लीडर शर्ली डिसोझांनी ते असं उतरवलं की रस हिंदकळला नाही. पण उशीर का झाला ते विमानात चढण्याआधीच समितीला कळलं होतं. त्यातल्या एका जाडजूड साहेबांनी चढता चढता बिसेनना विचारलं, "आमचंही दिसतं का हो?"

"नीट चालत असलं तं नाही दिसत, साहेब," बिसेन म्हणाले.

मग म्हणे बराच वेळ कुणी बसेना.

बारा विमानं मंजूर झाली. सोबत दोन फायली निघाल्या. एक म्हणते, चाळणी अशी करा की माणसाचं काहीही वर राहू नये. दुसरी म्हणते, वैमानिकाच्या सीटला चाळणीच नको. दोन्ही फायली अजून भांडताहेत. काही साहेब जाड फोमची उशी घेऊन चढतात. कॅन्टीनमधला आचारी मात्र मला रोज विचारतो, "मॅडम, दहा मिनिटं बसू द्या ना, छातीत कसंतरी होतं." मी त्याला दवाखान्याचा रस्ता दाखवते. तो म्हणतो तिथे रांग असते. माझी चौकशी झाली. चाळणी बंद केल्याबद्दल लेखी समज मिळाली. त्या कागदाला मी प्लॅस्टिकचं कव्हर घातलंय. भांडारात जाऊन तिन्ही पंपांच्या लाल चिठ्ठ्या सोडवल्या आणि हिरव्या बांधल्या. बिचारे उगाच तीन महिने आरोपी होते.

ताई तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. दाजींना खाली बसवलं म्हणून नव्हे. रविवारी ठीक म्हणाले म्हणून. दवाखान्यात मी डबा घेऊन जायची. ती डबा घ्यायची आणि माझ्या मागच्या भिंतीकडे बघायची. दाजींच्या हृदयात नळी घालून बिघडलेली जागा डागली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? तीन नंबर कसं आहे.

ते घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी ताई माझ्या क्वार्टरवर आली. दारातच उभी. पिशवीतून लाल चिठ्ठी काढली, घड्या पडलेली, एका कोपऱ्यावर साबणाचा डाग.

"शर्ट धुवायला टाकताना खिशात सापडली. हे अर्धवट भरलंय."

मी पाहिलं. चिठ्ठीच्या तळाशी दोन चौकोन असतात: दुरुस्तीयोग्य आणि भंगार. त्या दिवशी ते भरायचं माझ्या हातून राहिलं होतं. खरं म्हणजे राहिलं नव्हतं. मी भरलं नव्हतं.

आता पहिल्या चौकोनात खूण होती. जाड, पेन दाबून केलेली, मागच्या बाजूनं उमटलेली. शेजारी तपासणाऱ्याच्या जागी ताईची सही, बँकेत करते तशी पूर्ण नावानिशी.

"खाली अजून एक जागा आहे," ती म्हणाली. "काढणाऱ्याची. तुझ्या सहीशिवाय तुमच्यात काही हलत नाही म्हणे."

मी पेन शोधायला लागले. ते माझ्या कानावरच होतं. ताईनं ते काढून माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

"तिघांचा टाकतेय," आतून म्हणाली. "खाली रिक्षात बसलेत ते. जिना एकदम चढायचा नाही, असं सांगितलंय. एकेक पायरी, आणि फोन माझ्याकडे."